प्रतिमाबाईंचा संशय

बुलढाण्याच्या कॉलेजात मराठी शिकवणारे चिंतामणराव डोंगरातल्या गावांत घडणाऱ्या खुनांच्या कादंबऱ्यांवर प्रबंध लिहीत होते. बरीच वर्षं झाली. खून वाढत होते, प्रबंध काही वाढत नव्हता. रोज संध्याकाळी ते कादंबरीचं एकेक प्रकरण मोठ्यानं वाचत आणि त्यांच्या पत्नी प्रतिमाबाई मेथी निवडता निवडता निकाल देऊन टाकत, "पोलीसपाटीलच!"

"अगं, पण पुरावा?"

"मेला सगळ्यांच्या घरी चहा पिऊन राह्यला. दुसरं काम नाही काय त्याले?"

दरवेळी खुनी दुसराच निघे, पण बाईंचा संशय जागचा हलत नसे. शेवटी त्यांना चिडवायला म्हणून चिंतामणरावांनी प्रबंधात ठणकावून लिहिलं : या कादंबऱ्यांत पोलीसपाटील कधीच खुनी नसतो. बाई त्यावर दोन दिवस बोलल्या नाहीत.

पौषात बाई तापानं गेल्या. तेरावा झाला, पाहुणे पांगले. चिंतामणराव रडले नाहीत. रडायचं राहून गेलं, एवढंच. मग आधी मागवलेली कादंबरी टपालानं आली आणि सवयीनं ते ती मोठ्यानं वाचत बसले.

शेवटच्या प्रकरणात खुनी निघाला पोलीसपाटील.

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग प्रबंध काढून ते वाक्य खोडलं.

तेवढ्यात शेजारच्या कौशल्याबाई ताट घेऊन आल्या.

"पाटलानंच मारलं," चिंतामणराव म्हणाले.

"अगं बाई! कुठल्या पाटलानं?"

"पुस्तकातल्या."

"मंग बरं. भाकर गरम हाय तवर खाऊन घ्या, सर."

ते जेवले. काय जेवले, हे मात्र त्यांना ताट पाहूनही सांगता आलं नसतं.