तेल बदललं जावईबापूंनी!

गाडीचं तेल मी आयुष्यात एकदाच स्वतःच्या हातानं बदललं, आणि गाडी ते अजून विसरलेली नाही.

त्या शनिवारी आम्हाला मलकापूरला मेहुणीच्या डोहाळजेवणाला जायचं होतं. सासरे सकाळीच मुरगूडहून एसटीनं आले होते. (ट्रॅक्टर दुरुस्तीत त्यांची तीस वर्षं गेली. माझे तीन दिवस गेले, मोबाइलवर तेल बदलायचे व्हिडिओ बघण्यात!)

"जावईबापू, हात लावू काय?"

"नको मामा. हे ट्रॅक्टरचं तेल नव्हे. फुल्ली सिंथेटिक! दहा हजार किलोमीटर बघायला नको."

"व्हय, व्हय," म्हणत ते चहाची बशी घेऊन पायरीवर बसले.

मी गाडीखाली शिरलो आणि दिसला तो बोल्ट सोडला. तेल आलं ते मधासारखं पिवळंधमक! 'इतकं स्वच्छ तेल कशाला बदलायचं?' असं वाटलं, पण सासरे बघत होते. पुढं ऑइल फिल्टर निघेना. एवढा घट्ट आहे म्हणजे चांगलाच असणार, असं ठरवून नवा फिल्टर मी डिकीत लपवला. वरून साडेतीन लिटर तेल ओतलं आणि चावी फिरवली.

गल्लीत धूरच धूर! समोरच्या काकू ओरडल्या, "डास मारायची गाडी आली गं! दारं लावा!"

सासऱ्यांनी इंजिन बंद केलं. तेल मोजायची डिपस्टिक पाहिली, मग गाडीखाली काढलेल्या तेलाचा डबा पाहिला.

"जावईबापू, ह्ये गिअरबॉक्सचं तेल हाय की!"

"म्हणजे?"

"म्हंजे गिअरबॉक्स कोरडा, आन् इंजिन गळ्यापातूर भरलंय. अशीच न्हेली असती तर डोहाळजेवणाला टोचन लावून, दुसऱ्या गाडीमागं वढत पोचलो असतो!"

माझा पडलेला चेहरा पाहून त्यांनी डिपस्टिक पुसून जागेवर ठेवली. तेवढ्यात बायको दारात आली. "एवढा धूर कसला हो?"

मी कबुलीसाठी तोंड उघडलं, पण सासरेच म्हणाले, "नवं तेल हाय. पैल्यांदा सोडतंय धूर. तू साडी नेस जा."

मग सत्तरीतल्या त्या माणसानं कार्यक्रमाचा पांढरा शर्ट काढून दाराला अडकवला आणि पोतं टाकून तो गाडीखाली उताणा झाला. मी दोनदा दुकानात पळालो, एकदा गिअर ऑइलला आणि एकदा परत इंजिन ऑइलला.

"फिल्टर बदललाय न्हवं?"

मी गुपचूप डिकी उघडली.

ते हसले. मलाही पोत्यावर घेतलं, माझा हात धरून योग्य बोल्टावर ठेवला. "ह्यो इंजिनचा. आता इसरायचं न्हाई." वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मला कुणी असं बोट धरून शिकवेल, असं वाटलं नव्हतं. डोळ्यात पाणी आलं. (तेल गेलं म्हणालो.)

मलकापूरला तासभर उशिरा पोचलो. सगळे विचारायला लागले, तर सासरे भर मांडवात म्हणाले, "आमच्या जावईबापूंनी सोताच्या हातानं गाडीचं तेल बदललं! म्हणून उशीर!"

माझी छाती फुगली. फुगली तोच मेहुणीचे सासरे खिशातून चावी काढत पुढं आले. "मग पावणं, आमच्या बी गाडीचं बदलून टाका की!"

उरलेला सगळा कार्यक्रम मी बायकांच्या घोळक्यात बसून डोहाळ्याची गाणी म्हटली.