कुसुमनं पुसलेल्या फुल्या

कुसुम गेल्याचं तिच्या सुनेनं फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं? ‘आता तरी एका जागी राहील.’ ...अशी मी. नव्वदीला टेकले तरी सुधारले नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत भोईवाड्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमच्या कलापथकाच्या तालमी चालत. मी ठाकूरद्वारची, दोन घट्ट वेण्या, हातात वही आणि खडू. कुणी कुठं उभं राहायचं त्याच्या फुल्या जमिनीवर काढायची आणि स्वतःला थोर नृत्यदिग्दर्शिका समजायची. कुसुम गिरणी कामगाराची मुलगी. यायची ती माझी फुली टाचेनं पुसतच. “अगो, सगळं आधीच ठरवलंस तर मी कशाला? फुल्यांनाच नाचव की!” तिचं म्हणणं एवढंच, की पाऊल टाकावं, शरीर कुठं आलंय ते ऐकावं, आणि तिथून पुढं जावं. मला तो शुद्ध आळस वाटे.

मग गोळीबारात तिचा भाऊ गेला. दोनेक आठवड्यांनी मैदानात कार्यक्रम होता. ती येणार नाही असंच आम्ही धरलं होतं. आली. बसवलेल्या नाचाच्या मध्येच थांबली. ढोलकीवालाही गोंधळून थांबला. ती खाली वाकली आणि तिथं नसलेलं काहीतरी दोन्ही हातांनी उचलू लागली... जड, पुन्हा पुन्हा निसटणारं. समोरची माणसं खोकायचीसुद्धा विसरली. आणि मी? मी विंगेत बसून लिहीत होते. डावा गुडघा, उजवा हात, मान.

पुढचा कार्यक्रम गिरगावात. मी वही पुढं केली. “कुसुम, तस्संच कर हं.”

“ते होऊन गेलं गो.”

“सगळं लिहून ठेवलंय मी!” केवढा तो तोरा माझा!

पथकासाठी म्हणून तिनं केलं. फुलीवरून फुलीवर, एकही चूक नाही. टाळ्याही पडल्या. तोंडावरचा रंग पुसताना म्हणाली, “आज मी त्याला उचलायचं सोंग केलं.” पुन्हा कधी ती स्टेजवर चढली नाही. मैत्री टिकली, पण तो विषय दोघींनीही काढला नाही. माफी मागायला मला अख्खं आयुष्य होतं...

परवा तिच्या खोलीवर गेले. फरशीभर खाटेच्या पायांचे ओरखडे. सून म्हणाली, “आई रोज सकाळी खाट हलवायला लावायच्या. कधी खिडकीशी, कधी दाराशी. म्हणायच्या, बघू आज कुठं बरं वाटतंय. मावशी, आता कायमची कुठं ठेवू?”

जन्मभर मी लोकांना जागा दाखवल्या. त्या दिवशी दाखवता आली नाही. “आजच्यापुरती बघू,” म्हटलं. दोघींनी मिळून खाट उचलली. भलतीच जड होती. माझ्या हातून दोनदा निसटली.