शेठचा क्लच आणि न फुटलेलं लिंबू

भरमूला ‘क्लच जाळ्या’ हे नाव परशराम शेठनं दिलं, तेही निपाणीत आपल्या तंबाखूच्या वखारीपुढं, चार माणसांत. बेळगुंदीचा भरमू तेव्हा शेठचा ड्रायव्हर. शर्यतीत पळवायची म्हणून शेठनं फियाटचं इंजिन कोल्हापूरला खास तयार करून घेतलं होतं, आणि वर्ष सरायच्या आत क्लच जळाला. जळणारच की! शेठ स्वतः चालवताना डावा पाय सारखा क्लचवर टाकून बसायचा. पण शेठला बोलणार कोण? खापर फुटलं भरमूच्या डोक्यावर. नोकरी गेली आणि भरमूच्या आधी ते नाव बेळगावला पोचलं. ज्या दारात जावं तिथं एकच, “तूच व्हय तो क्लच जाळ्या?” स्टेअरिंग सुटलं, ट्रकवर हमाली आली. बायको अक्काताई म्हणायची, “सोडा की आता.” सोडतोय कशाला! भरमूनं तो राग पोटात जपला, रोज ताजा ठेवला.

१९८३ साली शेठनं तीच गाडी विकायला काढली. घेणारा बेळगावातल्या वडगावचा शामू, यंत्रमागांचा मालक, भरमूच्या ओळखीचा. “भरमूआण्णा, गाडी जरा बघून द्या,” तो म्हणाला. भरमू धुतलेला सदरा घालून निघाला.

वखारीपुढं गर्दी जमलेली. शेठनं भरमूला ओळखलं. “क्लच जाळ्याच क्लच बघणार व्हय रं?” लोक हसले.

भरमूनं गोड आवाजात विचारलं, “माझ्यामागनं ड्रायव्हर कुठला ठेवलासा, शेठ?”

“ठेवतोय कशाला? नवा क्लच घातला आणि आठ वर्षं माझ्याशिवाय कुणाचा पाय लागू दिला न्हाय त्याला!”

“ऐकलंसा न्हवं सगळ्यांनी?” असं म्हणत भरमूनं शामूनं पूजेसाठी आणलेलं लिंबू मागच्या चाकापुढं ठेवलं. “बसा, शेठ. हँडब्रेक घट्ट ओढा, टॉप गियर टाका, रेस द्या आणि क्लच सोडा. क्लच धड असंल तर इंजिन खाडकन बंद पडंल, किंवा गाडी उसळून लिंबू तरी फुटंल. दोन्ही न्हाय झालं, तर क्लच जळालाय म्हणून समजा.”

एवढ्या लोकांत शेठला नाही म्हणता येईना. बसला. क्लच सोडला. इंजिन बंद कसलं पडतंय, उलट बोंबलायला लागलं! गाडी तसूभर हलेना. तंबाखूच्या वासालाही मागं सारणारा जळका वास सुटला. लिंबू होतं तसंच.

शेठ घाम पुसत उतरला. सवयीनं बोलून गेला, “ड्रायव्हरनं जाळला असंल.”

“कुठल्या ड्रायव्हरनं, शेठ?”

मग तंबाखू निवडणारी तानीबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, “आगं बया, क्लच जाळ्या शेठच की वो!” आणि सगळी वखार खदखदली. भरमूला आनंद झाला, अगदी पोटभर झाला.

शेठ जवळ येऊन पुटपुटला, “भरमू, उद्यापासनं कामाला ये.” भरमूनं लिंबू उचलून त्याच्या हातावर ठेवलं आणि शामूला घेऊन स्टँडची वाट धरली.

घरी त्यानं अक्काताईला सगळं दोनदा सांगितलं. तिनं विचारलं, “आता तरी सोडलंसा न्हवं?”

“न्हाय,” भरमू म्हणाला. “शेठचं नवं नाव अजून निपाणीतच हाय. बेळगावात उद्या मी सांगणार.”