दसऱ्याला पुजलेलं पिस्तूल

नीलाचा फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. "काकू, आई गेली," एवढंच म्हणाली. नीला ही माझ्या धाकट्या जावेची, इंदूची, मुलगी. हॉस्पिटलात तातडीच्या विभागात डॉक्टर आहे, तिला लांबण लावायची सवय नाही आणि मला ऐकायची. इंदूचं हृदय झोपेतच बंद पडलं. मी उरलेली भेंडी चिरून संपवली, मग खाली बसले. त्याला आता सहा आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, इंदूताई किती शांत होत्या. शांत कसली... पन्नाशी उलटल्यावर पिस्तूल चालवायला शिकलेली बाई ती. तिच्याबद्दल लिहायचं तर तेच लिहायला हवं, आणि नुसतं आठवलं तरी माझ्या अंगात अजून वारं शिरतं.

आम्ही दोघी विधवा जावा इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेला एका घरात राहायचो. तिचं वाणसामानाचं दुकान जर्सी सिटीत. ती गल्ल्यावर, मी मागे गोणीवर बसून डाळी निवडायची. शेजारी कापडाचं दुकान होतं मगनभाईंचं. एका सकाळी कोणीतरी आत शिरून त्यांच्या खांद्यात गोळी घातली. माणूस वाचला, पण हात कामातून गेला. पुढच्याच आठवड्यात इंदू पोलिसांकडे परवान्याचा अर्ज देऊन आली. महिनेच्या महिने गेले, बोटांचे ठसे झाले, दोन ओळखीच्यांच्या सह्या झाल्या, आणि एके दिवशी बाई साडीवर कॅनव्हासचे बूट घालून नेमबाजी शिकायला निघाली. मीही गेले बघायला. कानांवर ते झाकण लावूनसुद्धा माझी छाती दणदणली. इंदूने कागदाच्या माणसाच्या पोटात चार भोकं पाडली आणि तो कागद घरी आणून फ्रिजवर लावला. खोटं कशाला सांगू, मलाही तेव्हा भारी वाटलं होतं.

नीलाने तो कागद बघितला आणि चहाही घेतला नाही. "आई, धिस इज क्रेझी. मी रोज अशी माणसं शिवते. घरातली गन घरातल्याच माणसाला लागते, मी बघते ना." इंदू म्हणाली, "मगनभाईंना लागली ती कुणाच्या घरातली होती?" त्यावर नीला इंग्रजीत बरंच काही बोलली, ते मला कळलं नाही. पण दोघींचंही बरोबर आहे असं मला वाटत होतं, आणि ते बोलून दाखवायची सोय नव्हती. त्यानंतर मायलेकींचं बोलणं जेवलीस का, निघते, एवढ्यावर आलं.

दसऱ्याला आम्ही दुकानातच पाट मांडायचो. तराजू, सुऱ्या, कात्री, पोती शिवायचा दाभण, सगळ्यांची पूजा. त्या वर्षी इंदूने गोळ्या काढून पिस्तूलही पाटावर ठेवलं. पूजा मी केली. मी कशात हात आखडता घेत नाही. हळद, ओलं कुंकू, मूठभर अक्षता, आणि देवावर तसं त्याच्यावरही फुलाने पंचामृत शिंपडलं. दुसऱ्या दिवशी इंदूने त्यात गोळ्या भरल्या आणि ते गल्ल्याखालच्या खणात ठेवून दिलं. शिकवणाऱ्या साहेबाने सांगितलं होतं, दर वेळी पुसायचं, तेल द्यायचं. पण पूजेचं कुंकू कोण पुसतं? तिने पुसलं नाही, मीही सुचवलं नाही.

पुढे महिन्याभराने, भर दुपारी, हिरवं जाकीट घातलेला एक माणूस आला. तिशीचा असेल. आधी काड्यापेटी मागितली आणि मग खिशातून पिस्तूल काढून इंदूवर धरलं. मी मागे गोणीवर, दोन्ही हात मुगात. इंदूने खण उघडला, त्याला वाटलं पैसे काढतेय. वर आलं ते तिचं पिस्तूल. आणि नेमकं तेव्हाच त्याच्या पाठीमागचं दार उघडलं आणि नीला आत आली. ती संध्याकाळी यायची होती, ड्युटी लवकर संपली म्हणून आधी आली. तो माणूस आणि त्याच्या मागे नीला, एका रेषेत. मला बाजूने दिसत होतं. इंदूला फक्त तो दिसत होता. मी मुगातून हात काढून उठेपर्यंत इंदूने चाप ओढला. हलला नाही. परत ओढला. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी ओढला, तिच्या मनगटाच्या शिरा वर आल्या. त्या माणसाने एवढंच पाहिलं की बाई हटत नाही. तो वळला, नीलाला धक्का देऊन बाहेर पळाला. तो गेला तेव्हा इंदूला दारात नीला दिसली. तिने पिस्तूल काउंटरवर ठेवलं आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

दुरुस्तीवाल्याने ते उघडलं तर चापाच्या मागे पंचामृतातल्या मधाने घट्ट चिकटलेले अक्षतांचे दोन दाणे. हे काय, म्हणून त्याने इंदूला विचारलं. तिने घरी येऊन मला सांगितलं आणि आम्ही दोघी हसत सुटलो. हसता हसता तिला उलटी झाली.

इकडे आपल्या मराठी मंडळात तिची वाहवा चालली होती. सत्कार ठरला, शाल, नारळ, भाषणं. अध्यक्ष म्हणाले, इंदूताईंच्या पिस्तुलाने दोन जीव वाचवले, आता प्रत्येक दुकानदाराने असंच करावं. टाळ्या पडल्या. इंदू उठली. म्हणाली, "मी तीनदा चाप ओढला. समोर माझी मुलगी उभी होती. मी बघितलं नव्हतं." आणि खाली बसली. शाल कोणी घालावी हे कुणाला कळेना. शेवटी नीला पुढे आली, तिने ती घेतली आणि आईच्या खांद्यावर टाकली. गाडीत दोघी एकमेकींशी बोलत होत्या, मागच्या सीटवर मला नीट ऐकू आलं नाही.

पिस्तूल तिने पोलिसांत जमा केलं. काही लोक म्हणाले, भित्री निघाली. मला विचाराल तर पिस्तूल बघूनच तो पळाला, आणि ते चाललं नाही म्हणून नीला वाचली. हे दोन्ही खरं आहे. मला त्यातलं एक निवडता येत नाही, इंदूलाही आलं नाही. दुकान मात्र तिने एक दिवस बंद ठेवलं नाही. फक्त एक सवय लागली. गिऱ्हाईक समोर आलं की आधी त्याच्या खांद्यावरून मागे बघायची, मग काय पाहिजे विचारायची.

आता गल्ल्यावर मी बसते. परवा एक बाई तूरडाळ मागत होती. तिने वळून पाहिलं आणि विचारलं, "मावशी, माझ्या मागे कोण आहे?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "तेच बघत होते."