दत्ताच्या आईला बोलावणं

चहाचा घोट आधी गिळून घ्या, नाहीतर ठसका लागेल. आणि हो, या किश्शात मूर्ख मीच आहे, उगाच दुसरं कुणी शोधत बसू नका!

मी गोरेगावच्या एका शाळेत मराठी शिकवते. वीस वर्षं झाली. गेल्या वर्षी आमच्या कॉम्प्युटरच्या प्राचीने एक प्रकल्प आणला. आमची सातवी आणि सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली सातवी, दोघांनी मिळून ऑनलाइन पुस्तक लिहायचं. विषय, आमचं पाणी, आमचे मासे. फाइल एकच. इकडची पोरं लिहिणार, तिकडची लिहिणार, सगळ्यांना सगळं दिसणार.

आमच्या पोरांनी दोन दिवसांत पानंच्या पानं भरली. एकीचं आजोळ मनोरीच्या कोळीवाड्यातलं, त्यामुळे बोंबील, बांगडा, सुरमई सगळे हजर! खेड्याकडून मात्र शुकशुकाट. आठवडा गेला, एक ओळ नाही.

"मुंबईच्या पोरांसमोर लाजतात गं ती," प्राची म्हणाली. "असंच चाललं तर बंद करावं लागेल."

आणि एका सकाळी फाइलमध्ये परिच्छेद उगवला! नाव, दत्ता. नदीतली मरळ हाताने कशी धरतात त्याचं वर्णन. काय झकास लिहिलं होतं! पण शुद्धलेखन? 'नदि', 'पाणि', 'मासळि'. माझी बोटं शिवशिवली. बाजूला शेरा टाकला, 'दत्ता, नदीतला दी दीर्घ. दहा वेळा लिही.'

दुसऱ्या दिवशी बघते तर खाली ओळीने दहा वेळा 'नदी'! किती गुणी पोर! मी विचारलं, 'कितवीला आहेस?'

'सातवीला, बाई.'

मग काय, मला चेवच चढला. 'आळस नको.' 'पूर्णविराम महाग झालेत का?' रोज शेरे! आणि प्रत्येक शेऱ्याखाली त्याचं उत्तर, 'हो बाई. चुकलं बाई.' गंमत म्हणजे त्याच्या मागोमाग तिकडची बाकीची पोरंही लिहायला लागली. मी प्राचीला ऐटीत म्हटलं, "बघ, शिस्त लावली की असं होतं!"

मंगळवारी दोन्ही वर्गांचा व्हिडिओ कॉल ठरला होता. दत्ताच्या चुका काही थांबेनात, म्हणून शेवटी शेरा टाकला, 'मंगळवारच्या व्हिडिओ कॉलला आईला घेऊन बस. मला बोलायचंय.'

'आणतो बाई. पण तिचे गुडघे दुखतात, आणि शाळेला चढ आहे.'

'कारणं सांगू नकोस!'

आता हे मी लिहिलं. मीच! या हातांनी!

मंगळवार उजाडला. आमचा अख्खा वर्ग पडद्यासमोर, मी सर्वांत पुढे. पडद्यावर पांढऱ्या मिश्यांचे, पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ. शेजारच्या खुर्चीत डोक्यावर पदर घेतलेल्या नऊवारीतल्या आजी.

"नमस्कार. मला जरा दत्ताच्या आईशी बोलायचंय," मी म्हटलं.

"बोला की," आजी म्हणाल्या. "काय केलं यानं?"

"तुम्ही नाही हो आजी, दत्ताची आई."

"आवं, मीच की! अन् ह्यो काय दत्ता, हितं बसलाय."

गृहस्थांनी हात जोडले. "मी दत्तात्रय. सातवीला गणित शिकवतो, बाई."

वाट लागली! धरणीमाते पोटात घे म्हणावं, तर वर्ग दुसऱ्या मजल्यावर. प्राचीने तोंडात ओढणी कोंबली. पोरं तर बाकांवर लोळत होती.

"सर, माफ करा हो! तुम्ही पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो," सर म्हणाले. "आमच्याकडे भाषेला शिक्षक नाही, आणि माझं शुद्धलेखन खरंच कच्चं. पोरं लिहीत नव्हती म्हणून मीच सुरुवात केली. तुम्ही मला नदी दहा वेळा लिहायला लावली ना, तेव्हा पोरं खो खो हसली. आणि त्याच दुपारी दोघी मुली लिहायला बसल्या. सर चुकतात, तर आपण कशाला घाबरायचं! म्हटलं, बाईंना थांबवायला नको."

एवढा मोठा माणूस, सगळ्या वर्गासमोर आठवडाभर माझा ओरडा खात बसला, कशासाठी? तर पोरांची भीड चेपावी म्हणून! मी आजींची माफी मागायला लागले, गुडघ्यांची, चढाची, सगळ्याची.

"ऱ्हाऊ द्या वो," आजी म्हणाल्या. "एवढी वर्सं हा शाळंत हाय, पर मला कुनी बोलावलं न्हाई कधी. तुमी बोलावलंसा. लई बरं वाटलं."

आणि मग आजींनी पदराची झोळी करून मासे कसे धरायचे ते अर्धा तास सांगितलं. दोन्हीकडची पोरं टिपून घेत होती. पुस्तकातली ती पानं सगळ्यांत सुंदर झाली. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या चुकीतून असं सोनं कधी निघालं नव्हतं, आणि ते काढलं दत्तात्रय सरांनी. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पुस्तक वाचून आमच्या मुख्याध्यापिका भारावल्या. "घरच्या वडीलधाऱ्यांना सामील करून घ्यायची ही कल्पना कुणाची?"

"यांची, मॅडम," प्राचीने माझ्याकडे बोट दाखवलं. "यांनी खास लेखी बोलावणं धाडलं होतं."

टाळ्या! मी काय करणार? लाजून मान खाली घातली, आणि टाळ्या घेतल्या.

येत्या शनिवारी मी शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना प्रशिक्षण देतेय. विषय मॅडमनीच ठरवलाय, 'ऑनलाइन प्रकल्पात समोरच्याशी सौजन्याने कसं वागावं!'