आंघोळीच्या पाण्यातला स्लॅब

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा सगळंच नवं आणि एकसारखं करायची घाई होती. शाळेच्या खोलीचा नकाशा एकच, मग गाव कुठलंही असो. शिरूर अनंतपाळकडच्या एका गावात तसली खोली बांधायला मी कनिष्ठ अभियंता म्हणून गेलो. नोकरी कच्ची, डोकं गरम.

नकाशा मला पटलेला होता, हे आधीच सांगतो. मी स्वतः मातीच्या गळक्या धाब्याखाली शिकलो. सिमेंटचं पक्कं छत मला हवंच होतं. पण नियम असा की स्लॅबवर चौदा दिवस पाणी उभं ठेवायचं, नाहीतर तो तडकतो. आणि दुष्काळ असा की गावाला तिसऱ्या दिवशी एक टँकर.

स्लॅब टाकून झाला, मिस्त्रीने पाणी साचवायला त्यावर मातीचे वाफे बांधले. माझ्या वरच्या साहेबांचं फर्मान आलं, अर्धा टँकर कामावर उतरवा. सकाळी बाया टँकरपुढे उभ्या राहिल्या. शाळेत झाडलोट करणारी मावशी पुढे झाली.

"सायब, दगडाला पाणी पाजायलाव, अन् आमच्या लेकरांनी काय धुळीनं आंघूळ करावी?"

मी ओशाळलो. म्हटलं, "मावशी, पाणी नाही दिलं तर उद्या हेच छत तुमच्या लेकरांवर गळेल."

तिने वर स्लॅबकडे बघितलं. "मंग लेकरं वरीच न्हाऊ घालतो की. तुमचं छत बी भिजंल."

साबण लावायचा नाही, एवढीच अट मी घातली. टँकर पुरा गावाला सोडला. बाया आंघोळीपुरतं पाणी शिडीने वर चढवायच्या आणि गावची पोरं वाफ्यांत बसून न्हायची. मजबुती तपासण्यासाठी स्लॅबच्याच काँक्रीटचे भरलेले ठोकळे नियमाने स्वच्छ पाण्यात ठेवायचे असतात. मी ते मुद्दाम त्याच वाफ्यात ठेवले. स्लॅबला एक पाणी आणि परीक्षेला दुसरं, ही लबाडी मला करायची नव्हती.

दहाव्या दिवशी साहेब आले. वर तीन नागडी पोरं पाणी उडवत होती.

"हा काय तमाशा आहे? ठोकळे नापास झाले तर स्लॅब तोडायला लावीन आणि तुम्हाला घरी बसवीन."

"बसवा," मी म्हणालो. आतून चांगलाच टरकलो होतो.

महिन्याभराने ठोकळे पास झाल्याचा कागद आला. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "आता नोंदवहीत पाण्याच्या रकान्यात टँकर लिहून टाका. उगाच चौकशी नको."

नापास झालो असतो तर गप्प बसलो असतो. पण पास होऊन खोटं लिहायचं? पाणी वर चढवलं बायांनी आणि नाव टँकरचं? मी साहेबांसमोरच लिहिलं, 'आंघोळीचे पाणी, गावातील स्त्रियांनी वाहून आणलेले,' आणि खाली सही ठोकली.

माझी बदली हदगावला झाली. नोंद दुरुस्त करा म्हणून तिथे दोनदा पत्र आलं. दोन्ही वेळा मी एका ओळीचं उत्तर पाठवलं: नोंद खरी आहे.