हेडसरांनी काढलेला कल

आषाढाचा वारा सुटला होता. मंगळवेढ्याच्या अंगाला त्या महिन्यात ढग नुसते पळतात, पडत नाहीत. डोळ्यांत माती तेवढी जाते. शनिवार असल्यामुळं सकाळची शाळा होती, आणि हायस्कुलाच्या मागं आठवीची तीन पोरं आणि एक पोरगी म्हशीचं शेण भरत होती. हेडसर आबासाहेब लेंडवे हातात तांब्या धरून देखरेख करत होते. म्हैस हेडसरांची. शेण जायचं तेही हेडसरांच्या उकिरड्यावर. याला त्या वर्षापासून शिक्षण म्हणायचं ठरलं होतं.

आधी असं नव्हतं. आधी हेडसर गावोगावच्या हेडसरांसारखेच होते. इतिहास वाचून दाखवायचे, वाचता वाचता पेंगायचे आणि घंटा झाली की दचकून जवळच्या पोराच्या कानाखाली द्यायचे. तसा निरुपद्रवी माणूस. पण एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात पुण्याला शिबिर झालं आणि तिथून हे ट्रंक भरून विचार घेऊन आले. प्रत्येक मूल वेगळं, प्रत्येकाची वाट वेगळी, मुलाच्या कलानं शिकवावं. सांगणारा कुणी भला माणूस असणार, आणि त्यात खोटं काही नव्हतंच. पण हे वाक्य लेंडव्यांच्या हाती पडल्यावर त्याची काय दशा होईल, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळावं!

कल काढायची रीत हेडसरांनी स्वतःच्या डोक्यानं बसवली. टेबलावर कंपासपेटी, सुईदोरा, खुरपं आणि म्हशीचं दावं. पोरानं एकट्यानं आत यायचं आणि मनाला येईल ते उचलायचं. उष्टावणाला रांगत्या लेकरापुढं मांडतात ना, तसंच. फरक इतकाच, की यातल्या काही लेकरांना मिसरूड फुटलं होतं. कंपास उचलणाऱ्याला बीजगणित आणि भूमिती. बाकीच्यांना सोपं गणित, आणि बीजगणिताच्या तासाला कामाचं शिक्षण. तेव्हा आठवीत एकदा सोपं गणित वाट्याला आलं की शास्त्राच्या कॉलेजचं दार कायमचं बंद. हेडसरांना हे माहीत होतं. म्हशीच्या मागं चार हात कमी पडतात, हेही माहीत होतं.

सरपंचाच्या पोरानं काहीच उचललं नाही. नाकात बोट घालून उभा राहिला. "विचारी आहे," असं म्हणून हेडसरांनी पेटी त्याच्या हातात दिली.

त्याच्या मागून धनगरवाड्यातली राजाबाई आली. सातवीला गणितात पहिली. तिला पेटीच पाहिजे होती, पण पेटीवर दावं पडलं होतं. तिनं ते उचलून बाजूला ठेवलं आणि पेटी घेतली.

"दावं!" हेडसर ओरडले. "जनावरांकडे कल. रक्तातच असतो."

"सर, मी पेटी घेतली की."

"ती नंतर. पहिला हात कुठं गेला? तोंड खोटं बोलेल, हात बोलत नाही."

झालं. तीन पोरांत ही चौथी.

घरी येऊन तिनं आईला सांगितलं. आई बनाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"आये, हेडसरनी माजा कल काडला."

वाऱ्यानं धूर उलटा फिरला होता, बनाबाईला नीट ऐकू आलं नाही. आणि आमच्याकडं कळ काढतो तो भांडण मागतो.

"तुजी कळ काडली? मुडदा बशीवला त्येचा! तू काय घोडं मारलंतंस त्येचं?"

"कळ न्हाय गं, कल. माजी वड जनावराकडं हाय म्हनं. मला गनितातनं काडली आन् म्हशीकडं लावली."

बनाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली.

"मग कळच की ही," ती म्हणाली.

आणि त्या शनिवारी राजाबाईनं शेणाची पहिली पाटी उचलली, तोच फाटकातनं मेंढरं आत घुसायला लागली. अख्खा कळप. पाठीमागं खांद्यावर काठी टाकलेली बनाबाई.

"अहो बाई, हे काय? ही शाळा आहे!"

"व्हय की. म्हनूनच आनलीत. पोरीचा कल जनावराकडं हाय म्हनला न्हवं? मग तुमची येकली म्हस कुटवर पुरंल तिला? घ्या, शिकवा."

"काय शिकवू?"

"आत्ता! ते मी सांगू व्हय? पुन्याला तुमी गेलतासा."

वर्गांच्या खिडक्या पोरांनी भरल्या. गणिताचे मास्तर हातात खडू घेऊन आढ्याकडं बघत होते, हसू कुणाला दिसू नये म्हणून.

"बनाबाई, समजून घ्या. प्रत्येक मुलाची वाट वेगळी असते."

"असंल की! पर तुमी दावलेली परत्येक वाट तुमच्याच गोठ्यात कशी येती वो?"

खिडक्यांतनं हसण्याचा असा लोट आला की म्हैसही उभी राहिली. तेवढ्यात एक एडका हेडसरांच्या मेथीच्या वाफ्यात शिरला, त्याच्यामागं बाकीची. हा वाफा खुरपं उचललेल्या पोरांनी केलेला. हेडसरांची पुण्याची भाषा तिथंच गळून पडली.

"ए बाई! म्हेथी खाल्ली की समदी! हाकल आदी ती!"

"हाकलती की. पोरगी कुटं बसनार, त्ये आदी सांगा."

हेडसरांचं घर शाळेला लागूनच; त्याच्या मागच्या दारातनं त्यांच्या मंडळी मुक्ताबाई बाहेर आल्या. "अवो, बसू द्या की तिला गणिताला! कालवणाला काय करू मी, तुमचा कल?"

हेडसर राजाबाईकडं वळले. "जा, बस तिकडं. मी तेच म्हणणार होतो. कल बदलतोसुद्धा. शिबिरात सांगितलं होतं."

राजाबाईनं पाटी खाली ठेवली, हात धुतले आणि वर्गात गेली. तिन्ही पोरं एकमेकांकडं बघत राहिली. मग त्यातला एकजण म्हणाला, "सर, माजाबी बदलला." आणि तिघंही हात न धुताच पळाली.

पुढं निवृत्त होईस्तोवर लेंडवे तपासणीला येणाऱ्या प्रत्येक साहेबाला सांगायचे, की धनगराच्या पोरीतलं गणित आपण ओळखलं. सांगताना डोळ्यांत पाणी यायचं. ते पाणी खरं असायचं, हीच त्या माणसाची खरी तऱ्हा.

त्या सकाळी मात्र सांगायला साहेब नव्हता. बनाबाई शीळ घालत कळप घेऊन गेली होती. वर्गात मास्तरांचा खडू वाजत होता. म्हशीला पाणी दाखवायची वेळ टळून गेली होती आणि न्यायला कुणी उरलं नव्हतं. हेडसरांनी कोट काढून खुंटीला अडकवला, धोतर खोचलं, म्हैस सोडली आणि तोंडावर मातीचा वारा घेत विहिरीकडं निघाले.